अण्णांच्या मशीनचा पट्टा

परवा फोनवर तुम्ही दोघं सांगत होतात की तुमच्या व्हॅक्यूम क्लीनरचा पट्टा तुटला, आणि तो तुम्ही घरीच बदलला. आजीला यातलं काय कळणार असं समजून तुम्ही मला पट्टा म्हणजे काय तेही समजावून सांगितलंत. मी ऐकून घेतलं. पण मुलांनो, असा पट्टा मीही एकदा बदलायला घेतला होता, साठ सालच्या आसपास, बंगळूरला. मल्लेश्वरममध्ये आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो आणि तुमचे आजोबा विमानांच्या कारखान्यात नवे नवे लागले होते. मी तो पट्टा पुरा बसवला नाही. तो बसवला आमच्या घरमालकांनी. त्यांच्याबद्दल मी तुमच्या आईलासुद्धा कधी सगळं सांगितलेलं नाही.

त्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणे, आम्हीही तेच म्हणत असू. उंच, वाळकी मूर्ती, पूर्ण टक्कल, कपाळावर कोळशाची उभी रेघ आणि तिच्या खाली ठिपका. ते वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्यात होते. खात्याने त्यांना निवृत्त केलं, पण त्यांनी तपासणं काही सोडलं नाही. बाजारात जाताना पिशवीत स्वतःचं पितळी वजन नेत. भाजीवालीने तराजू उचलला की हे आपलं वजन तिच्या वजनाशेजारी ठेवत आणि न बोलता दोन्हींकडे बघत उभे राहत. ती बिचारी मूठभर वांगी जास्तच घाली. त्यावरही अण्णा समाधानी नसत. जास्त का घातली, हा नवा संशय घेऊन ते घरी येत.

त्यांचं घराणं मूळचं आपल्याकडचं, पण कित्येक पिढ्यांपूर्वी म्हैसूरच्या चाकरीत आलेलं. घरात मराठी बोलत. ती मराठी मला, पुण्याहून आलेल्या मुलीला, सुरुवातीला अर्धीमुर्धीच कळे. "स्वल्प थांबा" म्हणजे थोडं थांबा, "सरी, सरी" म्हणजे बरं, बरं, असं त्यात सारखं यायचं. एक वाक्य मात्र पहिल्याच दिवशी नीट कळलं, कारण ते दिवसातून अनेकदा ऐकू येई. "असेल. पण का?"

तुम्ही काहीही सांगा, अण्णा ते नाकारत नसत. दूध उतू गेलं म्हणून उशीर झाला, असं मी म्हणाले की, "असेल. पण का?" आजोबा एकदा तापाने फणफणून दुपारीच घरी आले. जिन्याच्या तोंडाशी अण्णा उभे. आज लवकर कसे, म्हणून विचारलं. आजोबा म्हणाले, ताप आलाय. अण्णांनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला, खात्री करून घेतली, आणि म्हणाले, "असेल. पण का?"

अशा माणसाच्या सोबतीला राहिलं की संशय कांजिण्यांसारखा अंगावर उठतो. मलाही तो झाला. आम्ही बाहेर गेल्यावर अण्णा आमच्या खोल्यांत येऊन जातात असं माझ्या मनाने घेतलं. माझं सगळं जागच्या जागी असायचं, त्यामुळे काही हललं की मला लगेच कळे, आणि मला सारखंच काहीतरी हललेलं दिसू लागलं. शेवटी एकदा बाहेर पडताना मी दाराच्या फटीत एक पांढरा दोरा अडकवून ठेवला. परत आले तेव्हा दोरा जसाच्या तसा होता. पण त्याच्या खाली, उंबऱ्याजवळ, आणखी एक दोरा ताणून बसवलेला होता, आणि तो माझा नव्हता. आम्ही किती वेळा बाहेर जातो ते अण्णा तपासत होते.

आता मशीन. कॅन्टोन्मेंटमध्ये एक इंग्रज कुटुंब बाडबिस्तरा आवरून मायदेशी निघालं, तेव्हा त्यांच्या सामानाच्या लिलावात अण्णांनी तो व्हॅक्यूम क्लीनर घेतला. उभा दांडा, दांड्याला लटकलेली कापडी पिशवी, खाली जड लोखंडी तोंड आणि त्या तोंडात गरगर फिरणारा ब्रश. सुरू केला की पिशवी फुगे आणि अख्ख्या गल्लीतली कुत्री भुंकू लागत. ज्यांच्या घरी साधा पंखा नाही त्यांनी हे कशाला घ्यावं, असं आजोबांनी गमतीने विचारलं. अण्णांनी गंभीरपणे उत्तर दिलं. केरसुणी पुरावा पसरवते, मशीन पुरावा गोळा करतं.

ते खरंच तेवढ्यासाठी घेतलं होतं. दर रविवारी सकाळी अण्णा स्वतः खालच्या सगळ्या खोल्यांतून मशीन फिरवत. मग पडवीत जुनं वर्तमानपत्र पसरून त्यावर पिशवी उपडी करत आणि उकिडवे बसून, विझलेल्या उदबत्तीच्या काडीने ती धूळ वाचत. हो, वाचतच. कच्च्या तांदळाचा दाणा दिवाणखान्यात कसा आला. सुपारीचं खांड कुणाचं, आपल्याकडे तर कुणी खात नाही. हा निळा धागा. इथे ते मान वर करून आमच्या गॅलरीकडे बघत, जिथे माझी निळी साडी वाळत असे.

मशीन घरात घेण्याआधी मात्र एक प्रश्न निघाला होता, आणि तो काढला होता अक्कांनी. अक्का म्हणजे अण्णांची मोठी बहीण. त्यांचा प्रश्न एवढाच होता की या यंत्राच्या पोटात चामडं आहे का. चामडं असेल तर ते सोवळ्याच्या स्वयंपाकघराजवळून फिरवता येणार नव्हतं. लिलाववाल्याने आतला पट्टा रबराचा आहे असं सांगितलं होतं. अण्णांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. त्यांनी मशीन उलटं केलं, खालची पत्र्याची झाकणी काढली, मोटरपासून ब्रशाकडे जाणारा तो काळा पट्टा बाहेर ओढला, दाढीच्या पात्याने त्याच्या कडेची एक बारीक चकती कापली आणि समईवर धरून जाळली. स्वतः वास घेतला. मग मला खाली बोलावून मलाही वास घ्यायला लावला. मी म्हणाले, रबर. पुन्हा घ्यायला लावला. मी पुन्हा रबरच म्हणाले. तेव्हा कुठे मशीनला घरात प्रवेश मिळाला.

अक्कांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तुम्ही असं माणूस पाहिलेलं नाही. अक्का अगदी लहानपणी विधवा झाल्या. त्या काळी त्यांच्यासारख्या घरांत विधवेचे केस काढून टाकत आणि मग जन्मभर, दर महिन्याला, न्हावी येऊन डोकं पुन्हा भादरून जाई. अंगावर एकच तांबडं आलवण, त्याचाच पदर कपाळापर्यंत. अक्का तशाच होत्या. माहेरी परत आल्या, आई गेल्यावर त्यांनी अण्णांना वाढवलं, अण्णांची बायकोही लवकर गेली तेव्हा पुन्हा घर हातात घेतलं. अण्णांना त्या तम्मा म्हणत. कन्नडमध्ये धाकट्या भावाला म्हणतात तसं. आम्हा सगळ्यांना धाकात ठेवणारे अण्णा, आणि स्वयंपाकघरातून हाक यायची, "तम्मा, ताक पिऊन जा," की निमूट जायचे.

न्हावी मागच्या बोळातून परसात येई. त्या दिवशी अण्णा सकाळीच छत्री घेऊन बाहेर पडत, ऊन असो की ढग, आणि जेवायच्या वेळेपर्यंत परतत नसत. मला त्याचाही संशय येई. एकदा मी अक्कांना विचारलं, हे जातात तरी कुठे? अक्का म्हणाल्या की स्टेशनवर बाकड्यावर बसतो. पहिल्यांदा माझे केस काढले तेव्हा तो इतकासा होता. न्हाव्याची धोकटी उचलून त्याने विहिरीत टाकली होती. मार खाल्ला. दुसऱ्या दिवशी दुसरी धोकटी आली. तेव्हापासून त्याला ते बघवत नाही. एवढं सांगून त्या भाजी चिरत राहिल्या.

पट्टा तुटला तो एका रविवारी, दिवाणखान्याच्या मधोमध. जळक्या रबराचा वास वरपर्यंत आला. पाठोपाठ अण्णा आले आणि तुम्ही वर इस्त्री लावली होती का, म्हणून विचारू लागले. लावली नव्हती. मग रेडिओ? तोही नाही. आमच्यामुळे विजेचा दाब बिघडला अशी त्यांची खात्री होती. अण्णांनी झाकणी न काढताच बाहेर ओढलेला तुटका पट्टा आजोबा खाली जाऊन बघून आले. वर आल्यावर मला हळूच म्हणाले की वासासाठी अण्णांनी जिथे चकती कापली होती, तिथूनच तो फाटत गेला आहे. अण्णांना मात्र त्यांनी एवढंच सांगितलं की जुनं रबर कधीतरी जायचंच. अण्णा म्हणाले, असेल. आणि पुढचा प्रश्नही विचारलाच.

एरवी त्यांनी मशीन महिनोन्‌महिने पडू दिलं असतं. पण घरात मोठं कार्य ठरलं होतं. त्यांच्या मठाचे स्वामी त्या चातुर्मासात बंगळूरला मुक्कामाला होते आणि त्यांच्या पाद्यपूजेचा मान यंदा अण्णांच्या घराला मिळणार होता. स्वामी घरी येणार, त्यांचे पाय धुणार, त्यांच्यासाठी नैवेद्य होणार. अण्णांनी यासाठी वर्षानुवर्षं वाट पाहिली होती. ते किती सुखावले होते ते त्यांच्या संशयावरूनही कळे. गल्लीतले सगळे आपला मत्सर करतात असं त्यांना वाटू लागलं होतं, आणि ते बरंचसं खरंही होतं. घर आरशासारखं करायचं तर मशीन हवं, मशीनला पट्टा हवा, आणि तसा पट्टा बंगळूरच्या एकाही दुकानात नव्हता. शेवटी आजोबांचे एक सहकारी कामासाठी इंग्लंडला गेले होते, त्यांनी तो आणून दिला. आजोबांनी कारखान्यातून आणून संध्याकाळी माझ्या हातात ठेवला. अण्णांनी तो उलटसुलट पाहिला, ताणून पाहिला, वास घेतला. या वेळी कापला नाही. रविवारी सवडीने बसवतो म्हणाले.

दुसरा दिवस न्हाव्याचा होता. अण्णा छत्री घेऊन गेले. थोड्या वेळाने माझ्या दारावर थाप पडली. दारात अक्का. इतक्या महिन्यांत त्या जिना चढून कधी वर आल्या नव्हत्या. त्यांना धाप लागली होती.

"अगं, तुला ते इंग्रजी पुस्तक वाचता येतं ना मशीनचं? चल. पट्टा आत्ताच बसव."

मी म्हणाले, अण्णा रविवारी बसवणार आहेत.

"म्हणूनच म्हणते, आत्ता चल."

मला हे सरळ वाटलं नाही. अक्का अण्णांच्या वस्तूला हात लावायला सांगणाऱ्यांतल्या नव्हत्या. मी त्यांच्यामागे खाली गेले. माजघरात मशीन उलटं करून ठेवलेलंच होतं, खाली वर्तमानपत्र, शेजारी कात्री. माहितीपुस्तकातलं चित्र पाहून मी झाकणी काढली, ब्रशाचा रूळ उचलून बाहेर घेतला, आणि तसाच हातात धरून राहिले.

ब्रशाचे केस दिसतच नव्हते. त्यांच्यावर माणसाचे केस गुंडाळलेले होते, घट्ट, रिळावर दोरा गुंडाळावा तसे. काही काळे, बरेचसे पांढरे, लांब. त्या खालच्या घरात दोनच माणसं राहत होती, एक टकला आणि एक भादरलेली. माझा हात आपोआप माझ्या वेणीकडे गेला. माझे केस सरळ आणि काळेभोर होते. हे कुरळे होते.

मी अक्कांकडे पाहिलं. त्यांनी पदर मागे घेतला.

मुलांनो, मी ते वर्णन करत बसत नाही. खांद्यापर्यंत आले होते. जुना न्हावी वारला, तेव्हापासूनचे ते. त्याच्या जागी आलेल्या पोराला अक्का दर महिन्याला परसदारीच एक नारळ देऊन परत पाठवत होत्या. अण्णा घरात नसत, आणि आलवणाच्या पदराखाली काय आहे ते बघायची कुणाची प्राज्ञा नव्हती. अण्णांच्या नजरेतून जे सुटलं होतं ते एवढंच, कारण तेवढी एक सकाळ ते घरावर नजर ठेवतच नव्हते. गळलेले केस अक्का न्हाणीघरातल्या चुलाण्यात जाळत. पण खोलीत काही पडतच असणार, आणि रविवारी मशीन खोलीतून फिरे.

मी विचारलं, का पण?

"डोक्याला थंडी वाजायची," अक्का म्हणाल्या. "पुढे ते वाढले. कुरळे आहेत हे मी विसरूनच गेले होते बघ."

बाकीचं त्यांना सांगावं लागलं नाही. केस राखलेल्या विधवेच्या हातचं पाणीसुद्धा स्वामींना चालत नसे, मग नैवेद्याची गोष्टच सोडा. आणि नैवेद्य अक्काच करणार होत्या. अण्णांना हे रविवारी दिसलं असतं, तर सोमवारी न्हावी परसात आला असता आणि या वेळी दारावर उभे राहून अण्णांनी काम पुरं करून घेतलं असतं. निदान आम्हा दोघींना तेव्हा तशी खात्री होती. मी खाली बसले आणि कात्रीने केस कापू लागले. अक्का वर्तमानपत्रावर ते गोळा करत होत्या.

अर्धा रूळ मोकळा झाला होता तेव्हा पुढचं फाटक वाजलं. अण्णा वेळेआधीच परत आले होते. बरोबर मठाचे कारभारी होते. ते वाटेत भेटले असावेत आणि घर बघून घेतो म्हणून सोबत आले असावेत. अक्का पदर ओढून स्वयंपाकघरात गेल्या. मला कुठे जाता येईना. मांडीवर ब्रश, हातात कात्री, समोर ते वर्तमानपत्र.

कारभारी पडवीतल्या बाकावर टेकले. अण्णा आत आले, मला पाहिलं, आणि सवयीने वर्तमानपत्रापाशी उकिडवे बसले. मी काहीतरी बोलले. बहुधा पट्टा बसवत होते असंच. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी एक केस चिमटीत उचलला, उजेडाकडे धरला, दोन्ही टोकांनी ताणला आणि एक टोक सोडलं. केस पुन्हा वळत वळत त्यांच्या बोटाशी गोळा झाला. स्वयंपाकघराच्या दारात अक्का पाहुण्यांसाठी पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. अण्णांनी तिकडे मान वळवली नाही. तो केस त्यांनी बोटाला तसाच राहू दिला.

पडवीतून कारभाऱ्यांनी कन्नडमध्ये विचारलं, घरातल्या वडील बाईंचं केस काढणं वगैरे सगळं नियमाप्रमाणे चालू आहे ना? रागावू नका, पण स्वामी स्वतः चौकशी करतात.

अण्णा उठले आणि पडवीत गेले. दार उघडंच होतं, मला सगळं दिसत होतं.

"आमच्याकडे पाद्यपूजा होणार नाही," ते म्हणाले.

कारभाऱ्यांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. इतकी वर्षं तुम्हीच मागे लागला होतात, असं ते म्हणाले. अण्णा म्हणाले, घर शुद्ध नाही. म्हणजे काय, असं कारभाऱ्यांनी विचारलं. अण्णा खोटं बोलायला शिकलेलेच नव्हते, दुसऱ्याचं पकडायलाच शिकले होते, आणि त्या क्षणी ते किती अवघडले होते ते मला त्यांच्या पाठीवरून कळत होतं. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"वरचे बिऱ्हाडकरू अंडी खातात."

कन्नडमधला अंड्याचा शब्द मला तोवर येत होता. तोवर माझ्या घरात काय, माझ्या माहेरीसुद्धा कधी अंडं आलं नव्हतं. कारभाऱ्यांनी मान लांब करून माझ्याकडे पाहिलं. खरं का हो बाई, असं त्यांनी विचारलं.

अण्णाही माझ्याकडे बघत होते. एवढ्या काळात त्यांनी माझ्याकडे संशयाशिवाय पाहिल्याचं मला तेवढंच आठवतं.

"हो," मी म्हणाले. "रोज."

कारभारी उठून उभे राहिले. मग यांना काढा की, म्हणाले, अजून वेळ आहे, घर शुद्ध करून घेता येईल.

"काढणार नाही," अण्णा म्हणाले. "हे गेले तर मी नजर कुणावर ठेवू?"

कारभारी पाणी न घेता गेले. अण्णा आत आले. माझ्या हातातली कात्री घेतली, उरलेले केस कापले, ब्रश फुंकून साफ केला. वर्तमानपत्राची घडी करून ते स्वतः न्हाणीघरात गेले आणि चुलाण्यात घालून आले. मग नवा पट्टा मोटरच्या दांडीवर चढवला, पत्र्यावरचा बाण मला दाखवला आणि शिकवावं तसं सांगू लागले. पट्ट्याला पीळ या बाजूने द्यायचा. चुकलं तर ब्रश उलटा फिरतो आणि कचरा आत घेण्याऐवजी तोंडावर फेकतो. पीळ देऊन, ताणून त्यांनी पट्टा ब्रशाच्या खाचेत बसवला आणि झाकणी लावली. ते काम करताना त्यांचे हात अगदी स्थिर होते.

मी निघाले तेव्हा म्हणाले, तुम्हाला त्रास होईल. मी म्हणाले, होईल. त्यावर नुसतं "सरी" म्हणाले.

आणि झालाच. महिन्याभरात मल्लेश्वरममधल्या आमच्या ओळखीच्या एकाही घरातून मला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. भाजीच्या पिशवीत बायका डोकावून बघू लागल्या. शेजारची एक लहान मुलगी मला गंभीरपणे विचारून गेली की तुमची कोंबडी कुठे बांधता. आजोबांना मी सगळं सांगितलं. ते पोट धरून हसले, आणि मग म्हणाले की एवढं नाव झालंच आहे तर आणूया तरी. आपल्या घरात अंडी अशी आली. पहिलं ऑम्लेट त्यांनीच केलं, वसतिगृहात शिकले होते, आणि ते जरा करपलं होतं.

स्वामींचा मान समोरच्या घराला गेला. तो दिवस मला आठवतो. सनई, रांगोळ्या, सोवळी नेसलेली माणसं. अण्णा आपल्याच फाटकापाशी, रस्त्याच्या या बाजूला, हात जोडून उभे होते. पालखी आत जाईपर्यंत हलले नाहीत. मागे स्वयंपाकघरात अक्का रोजच्यासारखी आमटीला फोडणी देत होत्या.

भावाबहिणीत या विषयावर एक शब्दही झाला नाही, असं अक्कांनीच मला सांगितलं. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. नारळ घेणाऱ्या न्हाव्याच्या पोराचा दिवस आला की अण्णा छत्री घेऊन पूर्वीसारखेच बाहेर पडत. मला मात्र नवा संशय लागला, तो आजतागायत गेलेला नाही. हा माणूस दर रविवारी काडीने धूळ चिवडून बघत असे. तांदळाचा एक दाणा, निळ्या धाग्याचं एक टोक त्याच्या नजरेतून सुटत नव्हतं. जे केस ब्रशावर एवढे गुंडाळले गेले, त्यांतला एकही त्या पिशवीत कधी पडला नसेल? की त्यांना आधीपासून माहीत होतं, आणि कारभाऱ्यांनी तोंडावर विचारेपर्यंत त्यांनी ते स्वतःला कळू दिलं नाही? त्यांना विचारायची मला हिंमत झाली नाही. आजोबा म्हणत, तू आता अण्णांसारखी झाली आहेस.

ते घर आम्ही सोडलं त्याच्या काही दिवस आधीची गोष्ट सांगते आणि थांबते. मी बाजाराला निघाले होते. जिन्याखाली अण्णा उभे होते, हात मागे बांधून. येताना एक फणी आणाल का, म्हणाले. लाकडाची. मशीनच्या ब्रशात धागे अडकतात, ते विंचरून काढायला.

मी आणली, दुकानात होती त्यातली चांगली पाहून. अण्णा ती घेऊन पडवीच्या उजेडात गेले. उलटसुलट पाहिली. एकेका दातावरून अंगठा फिरवला. मग मी तिथेच उभी आहे हे विसरून त्यांनी ती आपल्या टकलावर टेकवली आणि कपाळापासून मानेपर्यंत हळूहळू ओढत नेली. पुन्हा एकदा नेली.

"ही टोचते," ते म्हणाले. "बदलून आणा."